अनुभव धागा: गाडीच्या पन्हळीत अडकलेली पानं आणि पायाशी आलेलं पाणी

गेल्या सप्टेंबरात उत्तरा नक्षत्राचा जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सोलापुरात सात रस्त्याला गाडी वळवताना डॅशबोर्डच्या आतून पाण्याचा आवाज आला, कमरेवरची घागर हिंदकळावी तसा. डावीकडे वळलं की डावीकडे, उजवीकडे वळलं की उजवीकडे. घरी येऊन शेजारच्या सीटपुढच्या मॅटवर हात ठेवला. वरून कोरडी होती, पण दाबली की बोटांच्या फटींतून पाणी वर यायचं.

मिस्त्रींचा पहिलाच प्रश्न, "ताई, गाडी झाडाखाली लावता का?"

लावते. दारात लिंबाचं मोठं झाड आहे (आपल्याकडे लिंब म्हणजे कडुलिंबच). मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की त्या सावलीशिवाय स्टिअरिंगला हात लागत नाही.

त्यांनी वायपरच्या दांड्या काढल्या आणि काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी उचलली. खाली पन्हळ दिसली. पत्र्याच्या घराला असते तशीच, फक्त गाडीच्या रुंदीची. काचेवरचं सगळं पाणी हिच्यात उतरतं आणि दोन टोकांच्या दोन भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे खाली जातं. आमच्या गाडीचं डावं भोक पूर्ण बुजलं होतं. मिस्त्रींनी बोटाने ओरबाडून जे काढलं ते मी वर्तमानपत्रावर पसरून पाहिलं. वर पानं, खाली चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा आणि त्यात वीतभर लांबीच्या काड्या. लिंबाची बारकी पानं सुटून पडतात आणि त्यांची मधली काडी वेगळी पडते. त्या काड्या भोकावर आडव्या-तिडव्या बसल्या होत्या, कावळ्याने घरट्याला पाया घालावा तशा. त्यावर पानं अडकली, पानांवर धूळ बसली आणि भोक बंद झालं. पन्हळ भरली, पाणी चढलं आणि ब्लोअर (एसीचा पंखा) बाहेरची हवा जिथून ओढतो त्या तोंडातून थेट आत उतरलं.

एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ही पानं पडली फाल्गुनात आणि पाणी आत आलं उत्तरा नक्षत्रात. मधले सहा महिने मी रोज त्या जाळीसमोर बसून गाडी चालवत होते. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून गाडीतलं पाणी बाहेर कुठून जातं हे कुणी पाहतच नाही. तुमच्याकडे कोणतं झाड आहे, काय अडकलं, कसं कळलं आणि आता काय करता, ते लिहा. बारीकसारीक असलं तरी लिहा.

दमाणी नगर, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त

ताईंनी लिहिलंय ते पावसाचं पाणी. गाडीत दुसरं पाणी असतं एसीचं, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. एसी चालू असला की आतल्या कूलिंग कॉइलवर हवेतला ओलावा जमतो, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जमतो तसा. ते पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी की नळी बुजली तरी पत्ता लागत नाही, ठिबकायलाच फारसं काही नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की कॉइलवर भरपूर पाणी धरतं आणि नळी बंद असेल तर सगळं पायाशी येतं.

ओळखायचं असं. पाऊस नाही, एसी लावून तासभर गाडी चालवली आणि ओल आली, तर एसीची नळी बघा. गाडी नुसती पावसात उभी होती आणि ओल आली, तर पन्हळ बघा. आणि ओल चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर ते हीटरच्या कॉइलमधलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आहे. त्यात घरी हात घालू नका.

पन्हळ तपासायला एक तांब्या पाणी पुरतं. काचेच्या खालच्या कडेला मध्यभागी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. दोन्ही बाजूंनी धार पडली पाहिजे. एकीकडे धार आणि दुसरीकडे थेंब थेंब, म्हणजे ती बाजू बुजत आलीय. गाडी उतारावर असेल तर हा हिशोब चुकतो, म्हणून सपाटीवर उभी करा.

एसीच्या नळीत खालून टोकदार तार खुपसू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, पातळ असते. मी लोकांच्या फुटलेल्या कॉइली पाहिल्यात, आणि कॉइल बदलायची म्हणजे बहुतेक गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नळीचं टोक बोटांनी चोळा, चिखल असेल तर तिथेच असतो. तेवढ्याने मोकळी झाली नाही तर गॅरेजमध्ये हलक्या दाबाची हवा मारून घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना

आमच्या आवारात झाड नाही, पण सूत आहे. लूम (माग) चालू असले की हवेत बारीक तंतू तरंगत राहतात आणि गाडी शेडच्या बाजूलाच उभी असते. दोन वर्षांपूर्वी एसीची हवा कमी झाली. ब्लोअर चारवर टाकला तरी आवाज मोठा आणि वारा एकवरचा. गॅस भरायला गेलो, तर तिथल्या अण्णांनी आधी ग्लव्ह बॉक्स खाली पाडला आणि आतला फिल्टर ओढला. त्याच्या घड्या दिसतच नव्हत्या. वर बोटभर जाड पांढरट थर चढला होता, सोलून काढला तर नमद्यासारखा एकसंध निघाला. त्यात शेजारच्या प्लॉटमधल्या सुबाभळीच्या चपट्या शेंगांची टरफलं विणल्यासारखी अडकलेली. गॅस पूर्ण होता. नवा फिल्टर टाकला आणि वारा परत आला.

तेव्हापासून फिल्टर दर तीन महिन्यांनी बघतो. शहरात राहणाऱ्याला वर्षातून एकदा बदलला तरी चालत असेल, आम्हाला नाही. गेटमधून आत शिरताना आतलीच हवा फिरवायचं बटण दाबतो, बाहेर पडलो की काढतो. पुढच्या बंपरमागे एसीची जाळी असते, कंडेन्सर म्हणतात, तिच्यावरही हेच सूत चिकटतं आणि मग सिग्नलला गाडी थांबली की गार हवा येत नाही. ती हलक्या पाण्याने धुवायची. प्रेशरचं पाणी मारलं तर तिच्या पात्या वाकतात.

मंगळवेढ्याकडचं गाव, नोकरीसाठी सोलापुरात

आमच्याकडे मालदांडी ज्वारी. फेब्रुवारी-मार्चात मळणी यंत्र चालू असताना गाडी खळ्याच्या कडेला लावली, वारं त्याच दिशेचं होतं. संध्याकाळी निघालो, मुलगी पुढच्या सीटवर, एसी लावला आणि जाळीतून भसकन कोंडा बाहेर आला. तिच्या डोळ्यांत, मानेवर, सगळीकडे. ज्वारीच्या तुसाची खाज ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. रात्रभर ती झोपली नाही. डोळे धुवायला बोरवेलपर्यंत परत न्यावं लागलं. ती रडत होती आणि मला काही सुचत नव्हतं. अशा वेळी ब्लोअर लावूच नका. आधी काचेखालची जाळी व्हॅक्युमने ओढून घ्या, फिल्टर काढून झटका आणि मगच पंखा चालू करा.

दुसरं उंदरांचं. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी चार दिवस उभी राहिली तर उंदीर पन्हळीतून फिल्टरपर्यंत जातात. आमच्या फिल्टरवर कडब्याचा चुरा, पोत्याचे धागे आणि लेंड्या निघाल्या. ते काढताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) आजार होतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. नंतर मी जाळीखाली स्टीलची मच्छरजाळी कापून बसवली. उंदीर बंद झाले.

दमाणी नगर, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त

दादा, मच्छरजाळीबद्दल एक सांगतो. गावाकडे उंदरासाठी ठीक. पण लिंब, चिंच, गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्याने इतकी बारीक जाळी घालू नये. पानं पन्हळीत पडायच्या ऐवजी जाळीवर बसतात, ओली झाली की पापडासारखी चिकटतात आणि मग पाणी आणि हवा दोन्ही अडतात. घालायचीच तर जरा मोठ्या भोकाची घाला आणि आठवड्याला हात फिरवा.

जुळे सोलापूर

सनरूफवाल्यांनी हे नक्की वाचावं. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, अडवावं अशी अपेक्षाही नसते. आत आलेलं पाणी चौकटीतल्या पन्हळीत जमतं आणि सहसा चार कोपऱ्यांतल्या चार बारीक नळ्यांनी खांबांच्या आतून खाली जातं. आपल्याकडे सात-आठ महिने पाऊस नाही, त्यात जुळे सोलापुरात कुठे ना कुठे बांधकाम चालूच. चौकटीत धूळ साठते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि नळीच्या तोंडाशी घट्ट बसतो.

माझ्या गाडीत आतल्या दिव्यापाशी थेंब पडायला लागले. एका वॉशिंग सेंटरवर नेली, तिथल्या मुलाने मोठ्या कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने नळीत मारली. चिखल निघाला नाही, पण खांबाच्या आत नळीच जोडातून सुटली. त्यानंतर प्रत्येक पावसात छताचं कापड भिजायचं आणि सीटबेल्टला कुबट वास यायचा. छत उतरवून नळी परत जोडायला दोन दिवस गाडी गॅरेजात होती. आता गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वापरतो. टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं, सावकाश आत सारतो, अडली की थांबतो, मागे घेतो, परत सारतो. मग सुई काढलेल्या सिरिंजने थोडं पाणी सोडायचं आणि ते खाली बाहेर पडतंय का बघायचं. होळी झाली की एकदा आणि मृगाच्या आधी एकदा.

विडी घरकुल

दरवाजा उघडताना आत पाणी हलल्याचा आवाज आला तर दाराच्या खालच्या कडेची भोकं बघा. काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या पोटातून तिथूनच निघतं. माझ्या गाडीला एका ठिकाणी खालून गंज न लागण्याचा काळा थर मारून दिला होता आणि त्याच थराने दोन भोकं बुजवली होती. गंज थांबवायला पैसे दिले आणि तिथेच गंज लागला, याचं वाईट वाटतं. खराट्याच्या काडीने मोकळी होतात.

रेल्वे लाइन्स

१४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस सोलापुरात कुणी विसरलं नसेल. माझी गाडी उंचावर होती, टायर अर्धंही बुडालं नाही. तरी पिंपळाच्या पानांनी पन्हळ बुजलेली असल्यामुळे पाणी वरून आत आलं. मी मॅट उन्हात वाळवली, वरचं कापड हाताला कोरडं लागलं आणि विषय संपला असं समजलो. तीन आठवड्यांनी आंबलेला वास, मग दार लॉक होईना, मग काच खाली जाईना. कापडाखाली जाड फोम असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि वायरी त्याच्याखालून जातात. जोडांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता. सीट काढून फोम उचलला, तो दोन माणसांना पिळायला लागला. गच्चीवर आपलं ऑक्टोबरचं ऊन चार दिवस दाखवलं तेव्हा वाळला. ओल आली असेल तर कापडाला हात लावून थांबू नका. दाराजवळची पट्टी उचला, फोमखाली वर्तमानपत्र सारा आणि पाच मिनिटांनी बघा.

होटगी रोड

कव्हर घालणाऱ्यांसाठी. कव्हरवर पानं साठतात ती काढताना नेमकी काचेखाली घसरतात. आम्ही मायलेकी चार कोपरे धरून कव्हर आधी मध्यावर दुमडतो, पानं पोटात घेतो आणि झोळीसारखं उचलतो. एकटीला जमत नाही, म्हणून एकटी असेन तेव्हा आधी केरसुणीने वरूनच झाडते.

साखर कारखान्याच्या बाजूला राहणारा

गाळप हंगामात सकाळी गाडीवर बगॅसची, म्हणजे जळलेल्या उसाच्या चिपाडाची काळी राख असते. ओल्या फडक्याने पुसली की ती चिखल होऊन जाळीत उतरते. आधी कोरड्या, मऊ ब्रशने बाजूला लोटायची, पाणी नंतर.

धागाकर्ती

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, फार बरं वाटलं. फोम आमच्याकडेही उचलला. काकांचं वाचलं त्याच संध्याकाळी तांब्याची परीक्षा केली. उजवीकडे छान धार पडली, डावीकडे आठ-दहा थेंब. म्हणजे सप्टेंबरात साफ केलेलं आताच परत बुजायला लागलंय. घरात दोघांचं म्हणणं आहे की झाडाची ती फांदीच तोडून टाकू. मी तयार नाही. ती सावली वीस वर्षांत तयार झालीय. रंगाचा दोन इंची ब्रश दारामागच्या खुंटीला टांगलाय आणि पानगळीत रोज सकाळी किल्ली लावण्याआधी बॉनेट उचलून कडेची पानं झाडते. दोन मिनिटं लागतात. काका, डावं भोक वरून दिसत नाही, हात पोचत नाही. दर वेळी वायपर काढायचे का?

दमाणी नगर, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त

नाही ताई. सपाटीवर हँडब्रेक लावा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. डाव्या चाकाच्या मागच्या बाजूला काळं प्लास्टिक दिसेल, त्याच्या दाराकडच्या दोन क्लिपा काढल्या की ते थोडं मागे वाकतं. आत हात घाला, रबराचं चपटं तोंड लागेल, बदकाच्या चोचीसारखं. ते दोन बोटांनी दाबा आणि सोडा. आधी काळं पाणी येईल, अंगावर जुनं शर्ट घाला.