दुसरीतल्या मुलाला शाळेच्या काउन्सेलरकडे पाठवावं का?

पारिजातक
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. मुलगा दुसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हापासून सकाळ झाली की पोट दुखतं म्हणतो, कधी उलटीसारखं होतं, रविवारी मात्र काहीच नाही. डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी पण झाली, सगळं नॉर्मल. आता टीचर म्हणतायत की शाळेत काउन्सेलर मॅडम आहेत, आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे बसू दे, आणि संमतीचा फॉर्म पाठवलाय. घरात यावरून वाद चालू आहेत. सासूबाई म्हणतात सात वर्षांच्या पोराला कसलं समुपदेशन, आणि नवऱ्याला भीती की हे रेकॉर्डवर येईल, उद्या शाळा बदलायची म्हटलं तर अडचण होईल. मला पाठवावंसं वाटतंय पण तिथे नेमकं करतात काय? एवढंसं मूल बसून मनातलं सांगतं का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

खडूडस्टर
मी प्रायमरीलाच काउन्सेलर आहे म्हणून सविस्तर लिहिते. आधी रेकॉर्डचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणूक, प्रगती, शाळा सोडण्याचं कारण असे रकाने असतात, काउन्सेलिंगचा रकानाच नाही. तरी सही करायच्या आधी शाळेला सरळ विचारा की नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात आणि कोण कोण वाचतं, हा तुमचा हक्क आहे.

आता तिथे काय होतं. समोरासमोर बसून प्रश्नोत्तरं होत नाहीत हो. या वयाची मुलं खेळातून बोलतात, चित्र, बाहुल्या, क्ले, शाळा-शाळा खेळणं. त्यात टीचर कोण होतं, ओरडतं कोण, कोपऱ्यात कोण बसतं हे बघता बघता अंदाज येतो की अडतंय कुठे. पोटदुखीच्या मागे काय काय निघतं! बसमधला मोठा मुलगा, डबा संपवायची जबरदस्ती, फळ्यावरचं वेळेत उतरवून न होणं, आणि एक तर फार कॉमन आहे, शाळेचं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर रोखून धरणं. आणि ते कळल्यावर निम्म्याहून जास्त काम मुलाशी नसतंच, मोठ्यांशी असतं. टीचरशी बोलून जागा बदलणं, तासाला न विचारता बाहेर जायची परवानगी, घरी सकाळचा गोंधळ कमी करणं. म्हणून सासूबाईंना सांगा, समुपदेशन मुलाला द्यायचं नसून बरंचसं आम्हा मोठ्यांनीच घ्यायचं असतं.

मूल काय बोललं ते जसंच्या तसं स्टाफरूममध्ये जात नाही. अपवाद एकच, त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर. लैंगिक शोषणाचा संशय आला तर पॉक्सो कायद्याने (२०१२) ते कळवणं बंधनकारकच आहे, तिथे गुप्तता नाही आणि नसावीच. औषधं आम्ही देत नाही, तशी गरज वाटली तर पुढे पाठवतो.

बालाघाट
ताई तुमच्या शाळेत मॅडम आहेत हे नशीब समजा आणि सही करा. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या हिशोबाने पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, त्यात समुपदेशक कुठेच नाही. सीबीएसईवाल्यांचा समुपदेशकाचा नियम पण नववी ते बारावीचा पट धरून आहे. म्हणजे सगळ्यांनी धरूनच चाललंय की टेन्शन दहावीलाच येतं. इथे दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात, पोरं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. तेच पोरगं जे ऑक्टोबरात धडाधड वाचत होतं ते डिसेंबरात मारामाऱ्या करतं किंवा दप्तरच उघडत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून विशेष शिक्षक येतात पण ते दिव्यांग मुलांसाठी, आणि एवढी गावं ते तरी कसे पुरे पडणार. मग आम्हीच आईबापाला फोन लावून पोरांशी बोलणं करून देतो, चित्रं काढून घेतो. पण ट्रेनिंग घेतलेलं माणूस केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक जरी दिलं तरी फार फरक पडेल, हे मी प्रत्येक शिक्षण परिषदेत बोलतो आणि बोलत राहणार.

सह्यकडा
आमच्या मुलीचा अनुभव लिहितो. घरी अखंड बडबड आणि शाळेत एक शब्द नाही, सिनियर केजीपासून. सगळे म्हणायचे लाजाळू आहे, होईल आपोआप. पहिलीत काउन्सेलरनी ओळखलं की हे सिलेक्टिव्ह म्युटिझम आहे, मूल हट्टाने गप्प नसतं, भीतीने आवाजच फुटत नाही. त्यांनी आधी 'बोल ना, बोल ना' सगळ्यांना बंद करायला लावलं. मग शाळा भरायच्या आधी रिकाम्या वर्गात बायको आणि मुलगी दोघीच खेळायच्या, नंतर टीचर दाराशी, मग बाकावर, मग खेळात. बरेच महिने लागले. आता तिसरीत प्रकट वाचन करते. लवकर गेलो म्हणून झालं असं मला मनापासून वाटतं.

पारिजातक
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! टॉयलेटचं वाचून चमकलेच, तो घरी आल्या आल्या आधी तिकडेच पळतो. सही करतेय. पण त्याला काय सांगू, कशासाठी जायचंय म्हणून?

खडूडस्टर
खरं तेच सांगा. "सकाळी तुझं पोट दुखतं ना, मुलांना असं होतं तेव्हा मदत करणाऱ्या या मॅडम आहेत, तिथे चित्रं काढायची, खेळायचं, आणि तू काही चुकलास म्हणून नाही चाललेला." घरी आल्यावर काय विचारलं, काय बोललास असं खोदून विचारू नका, त्याने आपणहून सांगितलं तर ऐका. आणि तोवर शाळा पूर्ण बंद करू नका, घरी राहिला की पोट लगेच थांबतं आणि दुसऱ्या दिवशी जाणं जास्त अवघड होतं, अगदीच नाही जमलं तर शाळेशी बोलून काही दिवस अर्धा दिवस पाठवा. टॉयलेटचं मात्र मॅडमची वाट न बघता उद्याच टीचरच्या कानावर घाला.