बाह्यवळण रस्त्याचा लाभ-खर्च अहवाल: २.९ हे गुणोत्तर तपासायचं कसं?

पाणंद

एका बाह्यवळण रस्त्याच्या प्रस्तावाचा अहवाल जनसुनावणीआधी हाती आला आहे. आकडे असे: बांधकाम आणि भूसंपादन मिळून १०० कोटी. वर्षाला लाभ १२ कोटी (वेळेची बचत ८, इंधन आणि वाहनांची झीज ३, अपघातांतली घट १). आयुष्य २० वर्षं, म्हणून २४० कोटी. त्यात बांधकामातल्या रोजगाराचे २० कोटी आणि लगतच्या जमिनींचे भाव वाढतील त्याचे ३० कोटी मिळवून एकूण २९०. भागिले १००, गुणोत्तर २.९.

सगळं आजच्या किमतींना धरलंय. तळटीपेत वटाव दर (पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या मूल्यात आणायचा दर) ८ टक्के दिलाय, पण तो वापरलेला कुठेच दिसत नाही. देखभालीचा आकडा नाही, टोलचं पुढे बघू असं म्हटलंय. सुनावणीत बोलायला थोडीच मिनिटं मिळतात. नेमकं बोट कशावर ठेवावं?

हिशेबनीस

आधी ते २९० सोलून काढा.

रोजगाराचे २० कोटी म्हणजे मजुरी, आणि ती १०० कोटींच्या खर्चात आहेच. तीच लाभात धरली तर जितकी जास्त माणसं लावू तितका प्रकल्प फायद्याचा, असा उफराटा निष्कर्ष निघतो. मजूर एरवी बिनकामाचे बसले असते असं दाखवता आलं, तर त्याची जागा खर्चाच्या बाजूला आहे. समजा २० कोटींच्या मजुरीतले ८ कोटी अशा माणसांना जाणार असतील, तर खर्च ९२ धरा. पण त्याला पुरावा लागतो. जमिनींचे ३० कोटीही बाहेर काढा. भाव चढतात ते प्रवासाचा वेळ वाचतो म्हणून, आणि तो वेळ ८ कोटींत आधीच मोजलाय.

उरले वर्षाला १२ कोटी. त्यांना सरळ २० ने गुणता येत नाही. विसाव्या वर्षीच्या १२ कोटींचं आजचं मूल्य ८ टक्क्यांनी जेमतेम २.६ कोटी भरतं. दरवर्षी एक कोटी याप्रमाणे २० वर्षांच्या रकमांचं आजचं मूल्य, म्हणजे गुणक, ९.८१८ येतो, म्हणून एकूण ११७.८ कोटी आणि गुणोत्तर १.१८. आता देखभाल-दुरुस्तीला वर्षाला २ कोटी धरले तर निव्वळ १० राहतात, वर्तमान मूल्य ९८.२. खर्च १०० चा. त्यांच्याच तळटीपेतल्या दराने प्रकल्प तोट्यात जातो.

एक्सेलमध्ये पडताळणार असाल तर सांभाळा. एनपीव्हीचं (निव्वळ वर्तमान मूल्याचं) सूत्र यादीतला पहिला आकडा आजचा न मानता एका वर्षानंतरचा मानतं. त्यामुळे आजचे १०० कोटी कंसात टाकू नका, बाहेरून वजा करा. अशा अहवालांत ही चूक वारंवार दिसते.

तिरकस रेघ

रोजगार आणि जमीन वगळणं पटलं. पण ८ टक्के जसेच्या तसे घेण्याला माझी ठाम हरकत आहे. लाभ आजच्या किमतींत आहेत, म्हणजे पुढची महागाई त्यांत नाही. मग दरही महागाई वगळूनच हवा. ८ टक्के हा कर्जाचा बाजारातला दर असेल आणि महागाई ५ टक्के असेल, तर १.०८ भागिले १.०५, खरा दर २.९ टक्के. ३ धरू. गुणक १४.८७७ होतो, आणि देखभाल वजा करूनही वर्तमान मूल्य १४८.८ कोटी येतं. तोच रस्ता झोकात पास!

म्हणून एका दरावर भांडण्यापेक्षा प्रकल्प कोणत्या दराला बरोबरीत येतो ते काढा. वर्षाला निव्वळ १० कोटी, २० वर्षं, खर्च १००: उत्तर सुमारे पावणेआठ टक्के. सुनावणीत पहिला प्रश्न हाच विचारा की तळटीपेतले ८ टक्के महागाई धरून आहेत की वगळून. सगळा निकाल त्यावर लटकलाय. तुलनेसाठी, ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत महागाई वगळून ३.५ टक्के दर आहे, आणि ३० वर्षांपलीकडच्या लाभांसाठी तो आणखी खाली येतो.

गाडीवाट

दरावर खल होतोय, पण त्या ८ कोटींचं मूळ कुणी तपासलं? अहवालात वाहनांची संख्या असेलच. समजा रोज १०,००० वाहनं आणि प्रत्येकी २० मिनिटं वाचणार. वर्षाला साधारण १२ लाख तास झाले. ८ कोटींना त्याने भागा, एका वाहनाच्या एका तासाची किंमत मिळेल. ती तिथल्या तासाच्या कमाईशी ताडून पाहा. कामासाठीचा प्रवास आणि फिरायला जाणं यांच्या तासाला एकच भाव लावलाय का, तेही बघा.

दुसरं, नवी वाहनं. रस्ता झाल्यावर आणखी २,००० वाहनं येतील असं धरलं असेल, तर त्यांना पूर्ण २० मिनिटं देता येत नाहीत. आधी हा प्रवास त्यांना परवडत नव्हता. कुणाला ५ मिनिटं वाचली असती तरी पुरे होतं, कुणाला १९ वाचल्याशिवाय निघायचंच नव्हतं. सरासरी लाभ निम्मा, १० मिनिटं. शिवाय हीच वाढीव गर्दी जुन्यांची बचतही खाते. वीस वर्षं बचत २० मिनिटांवरच ठेवली असेल तर तो तक्ता मान्य करू नका.

आणि तुलना कशाशी केलीय? ‘आजची स्थिती विरुद्ध रस्ता झाल्यावर’ ही चुकीची. ‘पुढची वीस वर्षं रस्त्याविना विरुद्ध रस्त्यासह’ ही बरोबर. रस्त्याविनाच्या बाजूला स्वस्तातले उपाय, म्हणजे चौक रुंद करणं, सिग्नलच्या वेळा बदलणं, अवजड वाहनांना ठरावीक तास, हे धरायलाच हवेत. ५ कोटींत ८ मिनिटं वाचत असतील, तर उरलेल्या ९५ कोटींच्या पदरात फक्त १२ मिनिटं पडतात.

पाणंद

वाहनसंख्या आहे, स्वस्त पर्यायाचा उल्लेखच नाही. दोन शंका राहिल्या: टोलची जमा लाभात धरायची का? आणि खर्च वाढला तर?

हिशेबनीस

टोल या खिशातून त्या खिशात जातो, समाजाच्या हिशेबात तो लाभ नाही. पण टोल लावल्यावर काही वाहनं जुन्याच रस्त्याने जातील, तेवढी वेळेची बचत बुडेल. ‘पुढे बघू’ चालणार नाही, वाहनसंख्येचा अंदाज टोलसह मागा.

खर्च वाढतो हे गृहीतच धरा. डॅनिश अभ्यासक फ्लुबियर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी नवांत खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला. वाढ सरासरीने रस्त्यांत २० टक्के, रेल्वेत ४५. खर्च १२० धरा. ३ टक्क्यांनी प्रकल्प तरीही टिकतो, कारण तिथे ४८ कोटींपर्यंत वाढ पचते. लाभांच्या बाजूने पाहिलं तर, खर्च १०० च राहिला तरी, त्याच दराला वेळेची बचत ८ वरून ४.७ कोटींवर आली की प्रकल्प बरोबरीत येतो. गाडीवाट यांनी सांगितलेली तपासणी म्हणूनच महत्त्वाची.

तिरकस रेघ

कोणाचं जातं आणि कोणाला मिळतं हे या गुणोत्तरात दिसत नाही. जिंकणारे हरणाऱ्यांची भरपाई करून देऊनही फायद्यात राहू शकतील का, एवढंच ते तपासतं. १९३९ मध्ये काल्डोर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेली कसोटी ती हीच. भरपाई प्रत्यक्षात मिळते की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. त्यामुळे गटवार तक्ता मागा: मोटारवाले, मालवाहतूकदार, बसचे प्रवासी, जमीन जाणारे, जुन्या रस्त्यावरचे दुकानदार. दुकानदारांचा धंदा नव्या रस्त्यावर सरकला तर समाजाच्या बेरजेत तो शून्य, त्यांच्या घरात मात्र नाही.

आणखी एक. देखभाल लाभांतून वजा केलीय की खर्चात मिळवलीय, ते विचारून ठेवा. लाभ ३००, बांधकाम १००, देखभाल १०० असेल तर एका रीतीने गुणोत्तर २ येतं, दुसरीने १.५, आणि निव्वळ लाभ दोन्हीकडे १००. दोन प्रस्तावांत निवड करायची असेल, तर दोघांनी एकच रीत वापरलीय ना हे आधी बघा.

पाणंद

आभार. दराचा खुलासा, रोजगार-जमीन वगळून फेरहिशेब, स्वस्त पर्यायाशी तुलना, असा क्रम लावतोय. वीस वर्षांचा वर्षवार तक्ता आजच लेखी मागतो.

गाडीवाट

तक्ता एक्सेलमध्येच मागा, सूत्रांसकट. पीडीएफमध्ये नुसती उत्तरं असतात, दर बदलून पाहता येत नाही.