बाळाचे राखाडी डोळे पुढे घारे होतील की काळे?

निशिगंधा_०७

माझी लेक चार महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा डोळे अगदी राखाडी-निळसर होते. आता तिला खिडकीशी घेऊन बसलं की बाहुलीच्या कडेने बारीक तपकिरी कडं दिसतं, बाकीचं बुबुळ अजून राखाडीच. मी आणि नवरा दोघेही काळ्या डोळ्यांचे. माझ्या आजीचे डोळे घारे होते, सासरी मात्र कुणाचेच नाहीत. परवा नात्यातल्या एक बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिने हे डोळे आणले कुठून?" मी काही बोलले नाही, पण फार लागलं. हा रंग टिकतो का? आणि आमच्यासारख्या आईवडिलांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं ना?

अन्वयची आई

अगं, मुळीच मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या मुलाचे असेच होते, वाढदिवसापर्यंत मस्त तपकिरी झाले. सगळीच बाळं निळ्या डोळ्यांनी जन्मतात म्हणे.

दृष्टी_विभाग

लहान मुलांचे डोळे तपासणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. सगळी बाळं निळ्या डोळ्यांची नसतात. स्टॅनफर्डमध्ये १९२ नवजात बाळांचे डोळे पाहिले होते, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात ६३ टक्के बाळांचे डोळे जन्मतःच तपकिरी होते, निळे जेमतेम २१ टक्के.

आता राखाडी रंगाचं. बुबुळात निळं रंगद्रव्य नावाचं काही नसतंच. असतं ते मेलॅनिन, आणि ते तपकिरी. बुबुळाच्या मागच्या थरात ते जवळजवळ प्रत्येकाला भरपूर असतं. फरक पडतो पुढच्या थरात. तिथे मेलॅनिन कमी असेल तर आत शिरलेला प्रकाश विखुरतो, त्यातला निळा भाग जास्त परत येतो आणि डोळा निळसर दिसतो. आभाळात कुठे निळा रंग भरलेला असतो? तसंच हे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बाळाच्या बुबुळात जन्मतःच असतात, पण त्यांचं काम पुढे कित्येक महिने चालू राहतं. मोठा बदल साधारण पहिल्या वर्षात होतो, पण तीन वर्षांपर्यंत रंग थोडाथोडा गडद होत गेलेला मी पाहिला आहे.

तुम्हाला दिसलेलं तपकिरी कडं महत्त्वाचं आहे. मेलॅनिन जमायला लागलंय, याची ती खूण. रंग सरकतो तो बहुतेक वेळा गडदाकडेच, त्यामुळे तिचे डोळे तपकिरी किंवा मधाळ होतील असं मला वाटतं. नक्की छटा मात्र आज कुणीही सांगू शकणार नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण असल्या शेऱ्यांनी घरं दुखावलेली मी पाहिली आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी, हा नियम १९०७ मध्ये डॅव्हनपोर्ट दांपत्याने मांडला. त्या साध्या नियमातसुद्धा काळ्या डोळ्यांच्या दोघांना निळ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं! दोघांनीही फिक्या रंगाचं जनुक न दिसता बाळगलेलं असलं की झालं. आजी इकडची, म्हणून तिकडून काही आलंच नसेल, असं म्हणता येत नाही.

आणि प्रकरण एका जनुकाचं नाहीच. पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए२ नावाचं जनुक मेलॅनिन बनवण्यात मदत करतं. ते किती काम करेल यावर शेजारच्या हर्क२ जनुकातल्या एका छोट्या भागाचा ताबा असतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००८ मध्ये निळ्या डोळ्यांचा संबंध तिथल्या एका बदलाशी जोडला. २०२१ मध्ये जवळपास १ लाख ९५ हजार लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी जोडलेल्या जनुकीय जागा ६१ निघाल्या. म्हणूनच दोघं निळ्या डोळ्यांचे असूनही मूल तपकिरी डोळ्यांचं होतं, क्वचित, पण होतं. डोळ्यांच्या रंगावरून बाप कोण हे ठरत नाही. पुन्हा कुणी विचारलं तर हे स्पष्ट सांगा.

निशिगंधा_०७

ताई, फार हलकं वाटलं. हे नवऱ्यालाही वाचून दाखवते. एक विचारू? मोबाइलवरच्या फोटोत तिचा एक डोळा कधीकधी जास्त फिका दिसतो.

दृष्टी_विभाग

बहुतेक वेळा तो उजेडाचा खेळ असतो, खिडकीकडचा डोळा फिका दिसतो. तिचं तोंड सरळ उजेडाकडे करा आणि दोन्ही डोळे एकाच वेळी बघा. तसं पाहूनही फरक दिसला तर दाखवून घ्या. काही मुलांत तो निरुपद्रवी असतो, पण कधी त्या बाजूची पापणी खाली आलेली असते किंवा ऐकण्याची अडचण सोबत असते, म्हणून तपासणी हवीच.

याहून तातडीच्या गोष्टी वेगळ्या. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकली, डोळा मोठा आणि धुरकट वाटला, उजेडात पाणी येऊन ती डोळे गच्च मिटू लागली किंवा बुबुळं सारखी हलत राहिली, तर लसीकरणाच्या तारखेची वाट न बघता लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना तो फोटो घेऊन जा, तपासताना त्याचा उपयोग होतो.