मदत हवी आहे : शॉप फ्लोअरवर टिपणं आणि कच्ची चित्रं काढायला तुम्ही काय वापरता?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फिक्स्चर (मशीनवर पार्ट जागेवर पक्का धरणारा साचा) डिझाइनचं काम करतो. निम्मा दिवस कॅडसमोर, निम्मा मशीनपाशी. साधन हवंय ते मशीनपाशी उभ्याउभ्या वापरायला : मापं टिपायची, क्लॅम्प (पार्ट दाबून धरणारी पकड) कोणत्या बाजूने आणायचा याचं कच्चं चित्र काढायचं आणि त्यावर ऑपरेटरबरोबर डोकं लढवायचं.

माझ्या लेखी यातलं शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. मध्यंतरी एका व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) पार्ट काढताना ऑपरेटरचा हात अडकत होता. मी कागदावर क्लॅम्प काढून दाखवला. तिथले ऑपरेटर, आमचे मामा, यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, त्यावर काट मारली आणि मागच्या बाजूने स्विंग क्लॅम्प (फिरून बाजूला होणारा) काढला. "आणि साहेब, पिनेखाली चिप्स साचतात, तिथं खाच द्या." चिप्स म्हणजे कापलेल्या धातूचा कीस. फिक्स्चर तसंच बनलं आणि उत्तम चाललंय. याच मामांपुढे टॅबलेट धरला की ते हात पुसत मागे सरकतात. त्यात काचेवर कूलंटचे (धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या द्रवाचे) थेंब उडाले की टचस्क्रीन भलतीकडेच रेघ ओढते. त्यामुळे कृपया टॅबलेट सुचवू नका, ई-इंकवालाही नको. हातातून हातात सहज जाईल असंच काहीतरी हवं.

सध्या ए५ आकाराची, ५ मिमी ठिपक्यांची स्पायरल वही आणि ०.७ची क्लच पेन्सिल वापरतो. दोन ठिपक्यांतलं अंतर १० मिमी धरलं की चित्र आपोआप निम्म्या मापात येतं, म्हणजे एका पानावर साधारण ए३ कागदाएवढा फिक्स्चर बसतो. स्केलपट्टी लागत नाही. ०.५चं शिसं उभ्याने लिहिताना सारखं तुटतं. जेल पेनची शाई कूलंटच्या ओल्या बोटाने पसरते. खोडता येणारं जेल पेन तर आमच्याकडे अजिबात नको : ती शाई साधारण ६० अंशाला दिसेनाशी होते, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर वही राहिली तर संपलंच.

अडचण दोन ठिकाणी आहे. तेलकट बोट लागलं की त्या जागी पेन्सिल उठत नाही. आणि चित्राची एक प्रत मशीनपाशी राहायला हवी. आत मोबाइल न्यायला मनाई आहे, त्यामुळे फोटोचा प्रश्नच मिटला. चलनाच्या पुस्तकासारखी कार्बनची डुप्लिकेट वही त्यासाठी फार सोयीची, पण कार्बन उमटायला बॉलपेन दाबून चालवावं लागतं, मग खोडता येत नाही. मला ते चालेल. काट मारलेली रेघही पुढे उपयोगी पडते, का नको म्हटलं ते कळतं. फक्त मेन रोड आणि रविवार कारंजाला विचारलं तर सगळीकडे छापील रकान्यांच्याच वह्या निघाल्या.

तर, नाशकात कोरी किंवा चौकटींची डुप्लिकेट वही कुठे मिळते का, की प्रेसमधूनच बांधून घ्यावी लागेल? थोड्या प्रती कोण बांधून देतं? आणि स्टोन पेपरची वही कोणी कारखान्यात वापरली आहे का? तो कागद चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिकचा असतो, पाणी शोषत नाही, हे ठाऊक आहे. तेलकट हात लागल्यावर त्यावर बॉलपेन किंवा २बी पेन्सिल उठते का, एवढं प्रत्यक्ष वापरलेल्या कोणी सांगितलं तर फार मदत होईल.