५ महिन्यांचं शिंगरू अंगाला हात लावू देत नाही, म्होरकी कशी घालायची?

माळावरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही. आम्ही इंदापूर तालुक्यातले. मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मी आणि चुलत्यांनी मिळून एक घोडी आणली, कुमैत रंगाची (तपकिरी अंग, काळी आयाळ), एकदम गरीब स्वभाव, पोरं पोटाखालून गेली तरी पाय हलवत नाही. गाभण होतीच, एप्रिलमध्ये व्याली, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेलं नर शिंगरू झालं, अख्खं गाव बघायला आलं होतं. पण नेमकं त्याच वेळी वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि पुढचे तीन-चार महिने आमचं सगळ्यांचं दवाखान्यातच गेलं. घोडी आणि शिंगरू माळाच्या तुकड्यात मोकळंच होतं, गडी वैरण-पाणी करून यायचा, बस. त्यामुळे त्याला कुणी हातच लावला नाही.

आता ते ५ महिन्यांचं झालंय. धनुर्वाताची लस द्यायचीय, डॉक्टर म्हणाले आधी धरता तर यायला पाहिजे. म्हणून गेल्या रविवारी आम्ही चौघांनी त्याला गोठ्यात कोंडलं, कोपऱ्यात दाबलं, कान धरून तोंडावर नायलॉनच्या पट्ट्यांची म्होरकी चढवली आणि दोर ओढला. ते सरळ मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि उलटं मागं पडलं, फरशीवर. तो आवाज अजून माझ्या कानातनं जात नाही. लगेच उठलं, म्होरकी आम्ही काढून टाकली, पण तेव्हापासून मी ५० फुटांवर दिसलो तरी आईच्या पलीकडे जाऊन उभं राहतं. रात्री झोप लागत नाही मला, एवढं देखणं जनावर आपल्या हातानं बिघडवलं असं वाटतं. आता सुरुवात कुठून करू? गावातले म्हणतात लिंबाला बांधून टाक, दोन दिवसात शहाणं होईल.

पशुवैद्य_सातारा
म्होरकीचं नंतर बघू, आधी एक सांगा. पडल्यावर नाकातून किंवा कानातून रक्त आलं होतं का? मान एका बाजूला वाकडी धरतं का, चालताना झोकांडी जाते का, दूध पिताना अडचण होते का? घोडं उलटं पडून डोक्याचा मागचा भाग आपटला तर कवटीच्या तळाचं हाड मोडू शकतं आणि वरून काहीच दिसत नाही. यातलं एक जरी असेल तर आजच डॉक्टरांना बोलवा. काही नसेल तर वाचलात म्हणायचं.

लसीबद्दल, घोडं हे धनुर्वाताला सगळ्यात नाजूक जनावर, एक गंजका खिळा पायात गेला तरी पुरतं. घोडीला व्यायच्या आधी लस दिली होती का? दिली असेल तर पिल्लाला ४ ते ६ महिन्यांत पहिला डोस चालतो, दिली नसेल तर आधीच द्यायला हवा होता, त्यामुळे उशीर नको. दुसरा डोस पहिल्यानंतर ४ ते ६ आठवड्यांनी. पण त्या एका सुईसाठी पुन्हा चौघांनी दाबू नका हो, सुई आणि माणूस या दोन्हीची भीती एकदमच बसते आणि मग आयुष्यभर डॉक्टरची गाडी बघितली की घोडं उधळतं. दोन आठवडे कामाला लागा, तेवढ्यात होतं.

माळावरचा_शेतकरी
धन्यवाद डॉक्टर. रक्त नाही आलं, मान सरळ आहे, दूध पितंय, आईबरोबर पळतंय पण. घोडीच्या लसीचं विकणाऱ्याला विचारलंच नव्हतं. आता कळतंय काय काय विचारायला पाहिजे होतं.

जुना_शौकीन
गावातले बरोबर सांगतात. आमच्याकडे आजोबांपासून हीच पद्धत. जाड दोर, जाड खुंटा, पहिल्या दिवशीच बांधायचं, तासभर झगडतं, घामाघूम होतं, मग कळतं की सुटका नाही. नंतर कधी दोराशी भांडत नाही. एवढे लाड केले तर उद्या तुमच्याच डोक्यावर बसेल.

माथेरानची_पागा
दादा, वडीलधारे आहात म्हणून आदर ठेवून बोलतो, पण एवढ्या लहान पिल्लासाठी नका सांगू असं कुणाला. आमच्या माथेरानला मोटारी नाहीत, घोड्यावरच घर चालतं आमचं, त्यामुळे चार पिढ्या घोडीच बघतोय. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना आमच्या एका शिंगराला असंच जांभळीला बांधलं होतं. झगडलं, घामाघूम झालं, शांत झालं, आम्हाला वाटलं शिकलं. नंतर ते एका बाजूला मान वळवायचंच नाही. मानेला आतून इजा झाली होती. विकताही आलं नाही आणि कामालाही लावता आलं नाही. पाच महिन्यांच्या पिल्लाची मान म्हणजे हिरवी फांदी, बाहेरून ताठ दिसते पण आत अजून काहीच पक्कं नसतं.

आणि एक, हे सगळ्यांनीच वाचा, शिंगराच्या तोंडावर म्होरकी ठेवून त्याला मोकळं सोडू नका. मागच्या पायानं कान खाजवायला जातं, खूर त्या पट्ट्यात अडकतो, पडतं, आणि रात्री बघायला कोणी नसतं. आमच्या ओळखीत एक गेलंय असं. नायलॉन तुटत नाही. घालायची, काम करायचं, काढायची, रोजच्या रोज.

जुना_शौकीन
मानेचं मला माहीत नव्हतं. आमची सगळी दीड-दोन वर्षांची असायची बांधताना, एवढं लहान कधी बांधलं नाही हे खरं आहे.

रिकीब_आणि_लगाम
मी पुण्यात रायडिंग शिकवते, गेली बारा वर्षं हेच काम, आणि न हाताळलेली बरीच पिल्लं माझ्या हाताखालून गेलीयत. तुमचं बिघडलेलं वगैरे काही नाही भाऊ, ते एवढंच शिकलंय की माणूस जवळ आला की कोपरा आणि मग आपटणं. आता याच्या उलट गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा दाखवायची.

सगळ्यात आधी जागा बदला. फरशी नको. माती किंवा वाळूवर साधारण १२ बाय १२ फुटांचा बांबूचा कुड करा, उंची छातीच्या वर, आत टोकं-खिळे काही नको, आणि घोडी सोबतच ठेवा. घोडी गरीब आहे म्हणालात ना, ती तुमची निम्मी मास्तरीण. तुम्ही आत जायचं, शिंगराकडे बघायचंसुद्धा नाही, घोडीला खरारा करायचा, सावकाश, बोलत बोलत. किंवा नुसतं घमेलं उपडं टाकून त्यावर बसायचं. बसलेला माणूस त्यांना कमी भीतीचा वाटतो. पहिल्या दिवशी ते आईच्या आडूनच बघेल, कान एकदा तुमच्याकडे एकदा मागे. मग एक पाऊल पुढं येईल, नाकानं फुर्र करेल, मागे पळेल. पळू दे. हात पुढं करायचा नाही अजिबात, ही जी चूक आहे ना ती सगळे करतात, पिल्लू जवळ आलं की आनंदानं तोंडाकडे हात जातो. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही, बाजूचं मात्र लांबपर्यंत दिसतं, म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूनं.

पहिला स्पर्श कुठं? आयाळ संपते तिथं, खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर. घोड्या एकमेकींना दातांनी तिथंच खाजवतात. बोटांच्या टोकांनी जोरात खाजवा, थोपटू नका, थोपटणं त्यांना कळत नाही. जागा बरोबर सापडली की वरचा ओठ लांब होऊन हलायला लागतो, मान तिरकी होते, कधी कधी डोळे अर्धे मिटतात. आणि आता मुख्य गोष्ट, ते तसं उभं असतानाच तुम्ही हात काढायचा आणि दोन पावलं मागं व्हायचं. ते पळून जायच्या आत तुम्ही जायचं. हे जमलं ना की दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पाठ पुढं करतं. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, जास्त नाही, पिल्लाचं लक्ष तेवढंच टिकतं.

तिथून हळूहळू मान, छाती, पोट, मग कानामागे. शेवटी तोंड. एकदम म्होरकी नाही घालायची, आधी मऊ सुती दोर नुसता मानेवर टाकायचा, घसरू द्यायचा, परत टाकायचा. गळ्यात सरकगाठ कधीच नको, ओढ लागली की फास बसतो.

धनगर_पोरगं
ताई लय भारी सांगितलंत. आमचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, दिवाळी झाली की कोकणात उतरतो आणि पावसाच्या आधी वर येतो, बरोबर मेंढरं आणि चार-पाच भीमथडी घोडी. भीमथडी म्हणजे भीमेच्या काठची, आता तिची वेगळी जात म्हणून नोंद पण झालीय. घोडीवर आमचा संसार असतो, भांडी, वाकळ, कोंबड्या, मेंढीची नवी कोकरं, कधी लहान पोर पण. शिंगरू आईमागं मोकळंच चालतं आणि चालता चालताच शिकतं, कुत्रं, ट्रक, पूल, सगळं आईच्या अंगाला अंग घासत बघून घेतं. आई बुजली नाही तर ते पण बुजत नाही. त्यामुळं दादा, म्होरकी घातल्यावर ओढत शिकवू नका, घोडीला एकानं पुढं चालवा आणि शिंगराला मागनं तुम्ही घेऊन चला, ते आपोआप निघतं, तुमचा दोर ढिलाच राहतो.

आन गूळ-भाकरी हातावर देऊ नका सुरुवातीला. चटक लागली की खिसा हुंगतं, मग चावतं, आणि नर आहे म्हटल्यावर ती खोड नंतर लय जड जाते. द्यायचंच तर तोबऱ्यात नाहीतर घमेल्यात.

माळावरचा_शेतकरी
ताई, सगळं वाचून दाखवलं घरी. वडील पण बाजेवर बसून ऐकत होते, म्हणाले मीच बसतो रोज कुडात, मला तरी दुसरं काय काम आहे. आजपासून सुरू.

माळावरचा_शेतकरी
९ दिवस झाले, कळवतो. पहिले तीन दिवस काहीच नाही. वडील खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचायचे, मी घोडीला खरारा करायचो. चौथ्या दिवशी शिंगरानं येऊन वडिलांचा पेपर ओढला. पाचव्या दिवशी पायजम्याला हुंगलं. सहाव्या दिवशी वडिलांनी बसल्या बसल्याच हात वर नेऊन खांद्यावर खाजवलं आणि ताई तुम्ही म्हणालात तसाच ओठ, हत्तीच्या सोंडेसारखा लांब! वडील इतके हसले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा असे हसताना बघितलं त्यांना. आज मी मानेवर दोर टाकला, काल थरथरत होतं, आज नाही. कानाजवळ मात्र हात नेला की डोकं वर झटकतं, आम्ही कान धरले होते ना तेच लक्षात असणार.

रिकीब_आणि_लगाम
अहो किती छान! वडिलांना माझा नमस्कार सांगा. कानांची घाई नको. कानावरून न नेता म्होरकी घालता येते, वरचा पट्टा बकल काढून मोकळा ठेवायचा, नाकाची कडी खालून चढवायची आणि पट्टा मानेमागून आणून बकल लावायचं. आधी नुसती नाकावर आणायची आणि लगेच काढायची, असं वीस वेळा.

मग चालवणं. सरळ पुढून ओढायचं नाही. पुढून ओढलं की घोडं मागं रेलतं, त्याचा तो स्वभावच आहे, आणि त्यातूनच तुमचा रविवारचा अपघात झाला. खांद्याशी उभं राहून बाजूला, अगदी हलकी ओढ धरायची, दोन बोटांनी. ओढ वाढवायची पण नाही आणि सोडायची पण नाही, नुसती धरून ठेवायची. त्यानं मान वळवली किंवा एक पाय जरी बाजूला टाकला की त्याच क्षणी दोर पूर्ण ढिला. ते ओढीनं शिकत नाही, ढील मिळाली त्यातून शिकतं. एक सेकंद उशीर झाला तर कशाबद्दल ढील मिळाली हे त्याला कळत नाही. डावीकडे, उजवीकडे, असं दोन-तीन दिवस. अडलंच तर दुसरा मऊ दोर त्याच्या मागच्या पुठ्ठ्यांच्या (ढुंगणाच्या) मागून फिरवून घ्या आणि त्यानं मागून पुढं सरकवा, म्हणजे मानेवर काहीच येत नाही.

माथेरानची_पागा
बांधायचं अजून महिनाभर तरी नाव काढू नका. पुढं बांधाल तेव्हा खुंट्याला सायकलची जुनी ट्यूब अडकवा आणि दोर ट्यूबला, म्हणजे झटका ट्यूब खाते. उंची त्याच्या खांद्याच्या बरोबरीला, खाली नको, पाय अडकतो. गाठ एका ओढीत सुटणारी. आणि माणूस तिथंच उभा, चहाला सुद्धा जायचं नाही.

माळावरचा_शेतकरी
आज २३ वा दिवस. सकाळी लस झाली. वडिलांनी म्होरकीचा दोर धरला, ढिलाच, दुसऱ्या हातानं ती खांद्याची जागा खाजवत राहिले, घोडी शेजारी वैरण खात होती, डॉक्टरांनी मानेच्या बाजूला आधी दोन-चार वेळा नुसतं बोट लावलं आणि मग सुई. एकदा कातडी थरथरवली, बस, पाय पण उचलला नाही. डॉक्टर म्हणाले कधीपासून हाताळताय, वडिलांनी सांगितलं तीन आठवडे, त्यांना खरंच वाटेना. दुसरा डोस पुढच्या महिन्यात. लिंबापर्यंत आणि परत चालवतो रोज, घोडी पुढं, आम्ही मागं. दूध सहाव्या महिन्यानंतरच तोडायचं ठरवलंय, तोवर हे काम पक्कं होईल.

पशुवैद्य_सातारा
वा. जंताचं औषध पण आता विचारून घ्या, या वयात मोठे गोल जंत फार होतात. आणि म्होरकी दर आठवड्याला तपासा, डोकं भराभर वाढतं. नाकाच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाही गेली तर पट्टा एक भोक सैल करा.