कोलेस्टिएटोमाच्या ऑपरेशननंतर एमआरआयमध्ये परत डाग आलाय, खोटा असू शकतो का?

घोडबंदरवाली: मुलाचं कोलेस्टिएटोमाचं (कानाच्या पडद्यामागे कातडीच्या पेशी साचून वाढणारी गाठ) ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, कान वाहायचा पूर्ण थांबला, ऐकूही बरं येतं, आणि आता ठरल्याप्रमाणे एमआरआय केला तर रिपोर्टमध्ये 'डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन, रेसिड्युअलची शक्यता', म्हणजे एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात डाग चमकतोय, आजार थोडा मागे राहिला असू शकतो. सर्जनची वेळ सोमवारची मिळालीय, तोवर घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. परत कान उघडावा लागणार का?

नेरुळचा_बाबू: माझ्या कानात हाड कोरून केलेली पोकळी आहे. रिपोर्ट डिट्टो असाच. वाशीतल्या डॉक्टरांनी आधी मायक्रोस्कोपखाली सक्शन लावून कान साफ केला, आतून चॉकलेटी, कडक मळाचा गोळा निघाला, मग परत स्कॅन केला तर डाग गायब! मळातही केराटिन असतं म्हणे, म्हणून तोही तसाच चमकतो.

पाचपाखाडी७: सरळ सीटी करून टाका ना, लगेच कळेल.

फिल्मवाला_ठाणे: सीटीने नाही कळत हो, त्यात व्रण, पाणी, कोलेस्टिएटोमा सगळं सारखंच करडं दिसतं. मी एमआरआयवरच काम करतो. आधी बघा डिफ्यूजन नॉन-ईपीआय होतं का (ते चित्र ईपीआय आणि नॉन-ईपीआय अशा दोन पद्धतींनी घेतात), कारण साध्या ईपीआयमध्ये हवा आणि हाड जिथे भेटतात तिथे उगाच चमक येते, आणि दाताला तारा असतील तर चित्राचा पार विचका. दुसरं म्हणजे टी-वन (एमआरआयचंच वेगळ्या प्रकारचं चित्र) बघायला सांगा, तिथेही पांढरं असेल तर कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा (जुन्या साचलेल्या रक्तातून होणारी गाठ) किंवा ऑपरेशनमध्ये भरलेली चरबी असू शकते, कोलेस्टिएटोमा टी-वनवर असा चमकत नाही. पू, हाडाचा भुगा, सिलॅस्टिकची (सिलिकॉनची) शीट, कूर्चेचा तुकडा यांनीही कधीकधी फसगत होते. रेडिओलॉजिस्टला ऑपरेशनचे कागद दाखवले होते का? बहुतेक ठिकाणी कुणी मागतच नाही, हेच मला पटत नाही.

घोडबंदरवाली: नाही ना दाखवले. आत्ता डिस्चार्ज कार्ड काढलं, 'कार्टिलेज ग्राफ्ट' लिहिलंय, म्हणजे कूर्चेचा तुकडा बसवलाय. तारा नाहीत.

फिल्मवाला_ठाणे: मग ते कार्ड आणि सीडी दोन्ही घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको. डाग ग्राफ्टच्याच जागी आहे का ते सर्जनच सांगतील, टाके त्यांनीच घातलेत. छोटा असेल तर बरेचदा काही महिन्यांनी त्याच पद्धतीने परत स्कॅन करतात, खरा असेल तर तो वाढतो. पण खोटाच असणार असं धरून सोमवार चुकवू नका, हा आजार हाड खातो.