गळ्यातली किल्ली आणि आईचे घरी असणे

खाडीपलीकडची (नेरूळ) :

‘तलावपाळी’ यांचे ‘मुले मोठी होताना’ हे टिपण मी दोनदा वाचले. पहिल्यांदा डोळे भरून आले आणि दुसऱ्यांदा राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी टिपण वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धाकट्याच्या जन्मानंतर, १९९४ साली, त्यांनी बँकेतली नोकरी सोडली. मुले शाळेतून येण्याच्या वेळी त्या रोज दारात उभ्या असत. आता मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, आणि नौपाड्यातल्या घरात दोघेच. इथपर्यंत कोणाचेच भांडण असण्याचे कारण नाही. दरवर्षी लोणच्याची बरणी लहान लहान होत गेली, हा परिच्छेद तर मी माझ्या बहिणीला वाचून दाखवला. पण शेवटी त्या लिहितात : ‘ज्या मुलांनी गळ्यात किल्ली घालून स्वतःच कुलूप उघडले, ती मोठेपणी मागे वळून पाहत नाहीत. चूल थंड असली की नाळ लवकर सुटते.’

माझ्या मुलाच्या गळ्यात किल्ली होती. काळ्या गोफात ओवलेली, गणवेशाच्या आत.

आम्ही १९९५ साली नेरूळला सिडकोच्या घरात राहायला आलो. लोकल वाशीपर्यंत १९९२ सालीच आली होती, त्यामुळे फोर्टातली नोकरी आणि खाडीपलीकडचे घर हा हिशेब आमच्यासारख्यांना जमू लागला होता. मुंबईत दोन खोल्या घेण्याची ऐपत नव्हती, आणि एका पगारावर नेरूळचेही हप्ते फिटले नसते. मुलगा १९९६ चा. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवडे होती आणि त्यांतले चार आठवडे डॉक्टरांनी मला झोपवून ठेवल्यामुळे आधीच संपले होते. दोन महिन्यांचे मूल सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी गाडी पकडू लागले. मूल पाच वर्षांचे असताना सासूबाई गेल्या, मग दोन वर्षे पाळणाघर झाले, आणि तिसरीत किल्ली आली.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळले. मला त्या दिवशी एवढेच समजत होते की गाड्या बंद आहेत, फोन लागत नाही आणि नऊ वर्षांचे मूल घरात एकटे आहे. नवरा अंधेरीला अडकला होता. मी रात्र कार्यालयातल्या टेबलावर काढली, सकाळी शीवपर्यंत चालत आले आणि पुढे भाजीच्या एका रिकाम्या टेम्पोतून दुपारी घरी पोचले. समोरच्या मल्याळी आजींनी सांगितले की, वीज गेल्यावर त्यांनी हाका मारल्या तेव्हा पोराने आतले लाकडी दार उघडले, पण जाळीच्या दाराची कडी काही केल्या काढली नाही. आई आल्याशिवाय कोणालाही कडी काढायची नाही, हे मीच शिकवले होते. शेवटी आजींनी जाळीतून पोळीची गुंडाळी आत सरकवली आणि बाहेर चटई टाकून त्या तिथेच झोपल्या. तो आत, त्या बाहेर, आणि मधे उंबऱ्यावर मेणबत्ती.

त्या दिवसानंतर ‘आई, किती वाजता येणार?’ हा प्रश्न त्याने विचारणे बंद केले, आणि तो बंद झाल्याचे माझ्या ध्यानात यायला तब्बल दोन वर्षे लागली. तेवढ्यापुरता दोष मी घेते. मात्र हाच मुलगा आज हैदराबादेतून रोज रात्री साडेनऊला फोन करतो. आमटीत गूळ आधी घालायचा की चिंच, इतक्या कारणासाठीही करतो. आणि ताई, तुमच्याच टिपणात, ज्याच्यासाठी तुम्ही नोकरी सोडली तो मुलगा पंधरा दिवसांतून एकदा फोन करतो असे तुम्ही लिहिले आहे. मग चूल आणि नाळ यांचा हिशेब नेमका कोणत्या वहीतला?

तलावपाळी (नौपाडा) :

माझ्या मुलाच्या फोनची मोजदाद माझ्याच शब्दांतून काढून माझ्याच अंगावर फेकल्याबद्दल आभारी आहे. मी टिपण लिहिले ते स्वतःच्या रिकाम्या घराबद्दल. तुमच्या घराचे कुलूप मी उघडायला आले नव्हते.

परंतु विषय काढलाच आहे तर स्पष्ट लिहिते. मी नोकरी सोडली तेव्हा माझ्याहून कनिष्ठ असलेली मुलगी पुढे शाखेची व्यवस्थापक झाली. मी त्याच शाखेत पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत उभी राहिले आहे, आणि तिने ओळखून खुर्ची दिली तेव्हा मला ती खुर्ची घ्यावीशी वाटली नाही. हे सगळे सोसून जे केले त्याचे काही मोल होते असे मानण्याची मुभा मला असावी. आपल्याकडे हिरकणीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती उगाच नाही. गडाचे दरवाजे बंद झाले तरी ती तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. तुम्हाला जाता आले नाही हे मी समजू शकते, पण जाता आले नाही याचा अभिमान बाळगू नये.

ऐरोलीकर :

काकू, हिरकणी गडावर कशाला गेली होती? दूध विकायला. म्हणजे तान्हे घरी ठेवून कामावरच गेली होती, आणि सुटायला उशीर झाला. तुम्ही जिचा दाखला देत आहात ती किल्लीवाल्यांच्या बाजूची आहे.

खाडीपलीकडची (नेरूळ) :

अभिमान? मी दोष घेते असे लिहिले, ते वाक्य तुमच्या नजरेतून निसटले वाटते. शिवाय, ती रायगडावरून उतरली. मला फोर्टापासून नेरूळपर्यंत अख्खी मुंबई तुडवायची होती, मधे खाडी होती आणि गळ्याइतके पाणी होते. कडा कोणता ते सांगा, मी उतरून दाखवते.

घोडबंदरचा काका :

दोन्ही भगिनींची क्षमा मागून एक मुद्दा मांडतो. या साऱ्या चर्चेत बाप हा प्राणी फक्त ‘अंधेरीला अडकला होता’ एवढ्यापुरताच येतो. मी एकतीस वर्षे पहाटेची गाडी पकडली. मुले झोपलेली असताना घर सोडले आणि ती झोपल्यावर घरी आलो. आमच्याही पोटात काही तुटते. आईच्या त्यागावर कविता होतात, बापाच्या पासावर होत नाहीत.

ऐरोलीकर :

काका, राग मानू नका. तुमचा मुलगा आठवीत असताना कोणत्या तुकडीत होता?

घोडबंदरचा काका :

हा प्रश्न अप्रस्तुत आहे. (‘ब’ असावी. पत्नीने आतल्या खोलीतून ‘ड’ असे सांगितले आहे.)

ऐरोलीकर :

आता माझी बाजू. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. २०१७ च्या दुरुस्तीमुळे मला सव्वीस आठवडे रजा मिळाली, आणि ज्यांना बारा आठवड्यांत परतावे लागले त्यांच्यापुढे मी रडगाणे गाऊ नये हे मला समजते. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आमच्या कार्यालयात पन्नासाच्या कितीतरी पट माणसे आहेत आणि पाळणाघरही आहे, पण ते कागदावर. प्रत्यक्षात एका खोलीवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी आहे आणि आत जुन्या खुर्च्या रचलेल्या आहेत. त्यामुळे मी घराजवळचे खासगी पाळणाघर लावले. तिथे कॅमेरे आहेत आणि दिवसभर मी मोबाइलवर मुलीला पाहू शकते. परवा बैठकीत बसल्या बसल्या मी पाहिले की ती रडते आहे आणि ताई दुसऱ्या बाळाला भरवत आहेत. चार मिनिटे ती रडली. मी घड्याळ लावून मोजले. त्या चार मिनिटांसाठी मी पैसे मोजते, असे मी त्यांना फोन करून सुनावले.

कोपरीची पाळणाघरवाली :

मी सहसा लिहीत नाही, पण त्या चार मिनिटांमुळे लिहायला बसले.

मी १९९१ पासून २०१७ पर्यंत कोपरीला राहत्या घरात पाळणाघर चालवले. बाळा, एकीला भरवताना दुसरी रडते. तुझ्या घरी जुळी असती तर तुझ्याही घरी रडली असती. कॅमेऱ्यात रडणे दिसते, ते थांबवण्यासाठी खुर्चीवरून चालू असलेले ‘आले हं, आले’ ऐकू येत नाही. तू फोन केलास तेव्हा ती तुझ्या मुलीला उचलायला निघाली असेल आणि फोन घ्यायला थांबली असेल, याचा विचार केलास का?

माझ्या हॉलमध्ये कितीतरी मुलांनी पहिले पाऊल टाकले. मी त्यांच्या आयांना ते कधीही सांगितले नाही. संध्याकाळी एवढेच म्हणत असे, ‘आज फार धडपडतोय, एकदोन दिवसांत चालेलसे वाटते.’ मग परवा-तेरवा ती आई धापा टाकत जिना चढून येई आणि म्हणे, ‘काकू, काल रात्री चालला!’ मी तोंड गोड करून घेत असे. सव्वीस वर्षांत मी किती पेढे खाल्ले त्याची गणती नाही, आणि आता मधुमेह आहे.

२६ जुलैला माझ्याकडे अकरा मुले अडकली होती. खिचडी टाकली, गाद्या जोडून अंथरल्या, एकाला अंधाराची भीती वाटत होती त्याला रात्रभर मांडीवर घेऊन बसले. त्या अकरांपैकी बहुतेकांची लग्ने झाली असतील. मला पत्रिका दोन आल्या. तक्रार नाही, फक्त आकडा सांगते.

घोडबंदरचा काका :

आपल्याबद्दल आदर आहे, परंतु पाळणाघरवाल्यांचे इतकेही गोडवे नकोत. आमच्या मुलाच्या पाळणाघरात सात वाजून गेले की दर पंधरा मिनिटांना दहा रुपये दंड असे. गाडी उशिरा आली तो आमचा गुन्हा होता काय? माणुसकीचा भाव पंधरा मिनिटांना दहा रुपये!

कोपरीची पाळणाघरवाली :

अहो, सात वाजता माझ्याही घरी चूल पेटायची असे. रेल्वे तुम्हाला उशीर करी आणि तुम्ही मला. तुम्ही सरकारकडे दाद मागू शकत होता, मी तुमच्या मुलाला दारात ठेवू शकत नव्हते. मी दंड लावला नाही, आणि त्याचा परिणाम असा झाला की काही आईबाप हळूहळू साडेसातलाच येऊ लागले. त्यांतल्या दोघांच्या हातात बाजाराच्या पिशव्या असत. दहा रुपये लावणारी माझ्याहून शहाणी होती.

ऐरोलीकर :

काकू, मी आज त्या ताईंची माफी मागितली. कॅमेरा मात्र बंद करणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

खाडीपलीकडची (नेरूळ) :

मूळ प्रश्न बाजूला पडला, तरी चालेल. माझ्या मुलाच्या पाळणाघरातल्या वहिनींना मीही त्याच्या मुंजीला बोलावले नव्हते, हे आता आठवले. काही कारण नव्हते. यादी करताना त्यांचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, तेच सुचले नव्हते.

तलावपाळी (नौपाडा) :

पाळणाघरवाल्या बाईंनी मन लावून मुले सांभाळली यात शंका नाही. पण त्यांच्या अनुभवाने माझेच म्हणणे सिद्ध होते. मुलाला कोणीतरी घरी असलेली बाई लागते. ती बाई आईच असेल तर बिघडले कोठे?

कोपरीची पाळणाघरवाली :

ताई, मी सव्वीस वर्षे घरीच होते. माझी मुलगी शाळेतून आली की मी दारातच असे, पण काखेत दुसऱ्याचे मूल असे. २००५ साली ती बारावीला होती. त्या रात्री अकरा मुले झोपावीत म्हणून तिने मेणबत्ती घेऊन न्हाणीघरात बसून अभ्यास केला. तिच्या लग्नाआधी आम्ही कपाट आवरत होतो तेव्हा ती सहज म्हणाली, ‘आई, तू सगळ्यांची घरी होतीस.’ मला त्याचा अर्थ विचारण्याचे धाडस झाले नाही. आता ती मिरा रोडला असते, स्वतःचे मूल पाळणाघरात ठेवते, आणि मी सांभाळते म्हटले तर ‘तू दमली आहेस’ म्हणते. ती रागावली आहे की माया करते आहे, हे मला अजून ओळखता आलेले नाही. घरी असण्याचे मोल तुम्ही सांगता तितके सोपे असते तर मला ते ओळखता आले असते.

घोडबंदरचा काका :

दंडाविषयीचे शब्द मागे घेतो. बाकी मुद्द्यावर ठाम आहे. तुकडी ‘ड’च होती, गुणपत्रिका सापडली, तिच्यावर पालकाची स्वाक्षरी पत्नीची आहे, तीही माझ्या नावाने.

तलावपाळी (नौपाडा) :

दोन दिवस उत्तर दिले नाही, त्यावरून मी हरले असा अर्थ कोणी काढू नये.

‘चूल थंड असली की नाळ लवकर सुटते’ हे वाक्य मी काढून टाकत आहे. ते लिहिताना मला कानाला बरे वाटले होते, आणि बरे वाटणारी वाक्ये तपासून घ्यावीत हे बँकेत असताना मला अधिक चांगले ठाऊक होते. बाकीचे टिपण जसेच्या तसे राहील. मी घरी राहिले, त्याचा मला आनंद झाला, त्या खुर्चीचे दुःखही झाले, आणि या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे नेरूळच्या बाईंनी त्यांतून हवी ती एक उचलू नये.

एक नोंद. काल, पंधरवडा पुरा व्हायच्या आत, मुलाचा फोन आला. सुनेने त्याला हे सगळे वाचून दाखवले होते. तो अर्धा तास बोलला. आमटीबद्दल नव्हे; पंधरा दिवसांचे ते वाक्यही काढून टाक, कार्यालयातल्या लोकांनी वाचले आहे, असे त्याचे म्हणणे होते.

ते वाक्य मी काढलेले नाही.